रतनबाईचे वाटे

लोणीच्या शाळेत बदली होऊन आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. रविवारी सकाळी चिंचेखाली माणसं जमलेली दिसली म्हणून डोकावलो. ताडपत्रीवर मटणाचे वाटे मांडले होते. एक उंच, हडकुळी बाई उकिडवी बसून एका वाट्यातला काळजाचा तुकडा दुसऱ्यात टाकत होती, पाहत होती आणि परत काढत होती. माझ्याकडे लक्ष जाताच म्हणाली, "गुर्जी, तुमी नवं हाय, तुमाला कुणाची बाजू न्हाई. तोंड तिकडं करून हुबं ऱ्हावा."

मी पाठ फिरवली. ती एकेका वाट्यावर हात ठेवून विचारी, "ह्यो कुणाचा?" तिचा दीर कुंडलिक यानं माझ्या हातात नावांची चिठ्ठी दिली होती, तिच्यातलं मनाला येईल ते मी घेई. ज्याचं नाव, त्याचा तो वाटा. कुरकुरीला जागा नाही.

ती रतनबाई. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर तिनं मेंढरं विकली आणि शेरडं ठेवली. दीड एकरात मका, लसूणघास, बांधाला सुबाभूळ, सगळं शेरडांसाठी. बाजारातून आणलेलं जनावर तिनं कधी कापायला दिलं नाही. मुलाणी येऊन कापून जाई, तुकडे कुंडलिक करी, वाटे मात्र तीच घाली. प्रत्येकात मांडी, बरगडीची चाप, काळीज, आतड्या-पोटाची वजडी, थोडी चरबी. सगळ्या वाट्यांची नावं भरल्याखेरीज बोकड कापायचा नाही, हा तिचा रिवाज. त्या रविवारांवर घर चाले.

पुढे तिचा मुलगा भैरवनाथ चाकणला कंपनीत लागला. तिथल्या सोसायटीतल्या लोकांना घरच्या बोकडाचं मटण हवं होतं, भावही बरा देत होते. पण त्यांना मांडी आणि काळीज तेवढं पाहिजे. रतनबाईचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. लेकाला नाही म्हणायचासुद्धा तिला कंटाळा आला असावा. एका रविवारी मागच्या दोन्ही मांड्या आणि काळीज थर्माकोलच्या डब्यातून चाकणला गेलं, आणि उरलेल्याचे वाटे ताडपत्रीवर आले.

शेजारच्या साळुबाईनं आपला वाटा पातेल्यात वरखाली केला. "रतने, बोकाड लंगडं व्हतं का गं?"

माणसं हसली.

"लंगडंच व्हतं," रतनबाई म्हणाली. "मागल्या दोनी पायांनी." तीही हसली, पण ताडपत्री धुवायला उठताना तिनं दोनदा जमिनीला हात टेकला.

पुढच्या खेपेला नावं कमी आली, त्याच्या पुढे आणखी कमी. भांडलं कुणीच नाही. लोक मंचरहून आणू लागले, एवढंच. नुसत्या मांड्यांसाठी बोकड कापणं परवडेना. बोकड दावणीला वाढत राहिले आणि चारा संपत आला.

दिवाळीत भेटायला गेलो, तर मायलेक ओट्यावर बसले होते. मला चहा देऊन त्यांनी अडलेलं बोलणं पुढे चालवलं.

"गाव देऊन देऊन किती देतं, आई?" भैरवनाथ म्हणाला.

"देतं तेवढं देतं. तुझ्या लोकास्नी सांग, अख्खा वाटा घ्या. वजडीसकट."

"फ्लॅटमधी वजडी कोण साफ करणार? वास सुटतो राव सगळ्या मजल्यावर."

"मग ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे म्हणून चालंल का?"

"न्हाई चाललं तर शेरडं कमी करू." ती पाय चोळत राहिली. "मी दमले, भैऱ्या. शेरडं राखून न्हाई. लोकं वाटा उलटापालटा करून बघाया लागली ना, त्यानं लई दमले."

भैरवनाथ मोबाईलकडे पाहत बसला. मांड्या मात्र त्यानं पुन्हा मागितल्या नाहीत.

सणानंतर रतनबाई काठी घेऊन दारोदार सांगत फिरली, की आता सगळं वाट्यातच येईल. काहींनी लगेच नाव दिलं. साळुबाई म्हणाली, "बघू." मंचरची सवय लागलेले बरेचजण परतलेच नाहीत.

आता तिच्याकडे मोजकीच शेरडं उरली आहेत. भैरवनाथची बायको नंदा ती चारून आणते. वाटे महिन्यातून एखाद्याच रविवारी पडतात, तेही नावं भरली तर. रतनबाईला खाली बसवत नाही. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, समोर फळी ठेवून वाटे घालते.