सहा घरांचा विद्यार्थी

नाथा ठाण्यात आला तेव्हा त्याच्याजवळ एक घोंगडी, एक इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आणि त्याची आई बायजा, एवढंच होतं. साल १८७७. सोलापूरकडे पावसाने दगा दिला होता आणि तिकडची माणसं घाट उतरून आमच्याकडे येत होती. बायजा दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. नाथा सरळ आमच्या इंग्रजी शाळेच्या दारात जाऊन बसला. सोलापूरच्या शाळेत त्याचं मॅट्रिकचं एकच वर्ष राहिलं होतं, ते त्याला इथे पुरं करायचं होतं. मी त्याच दिवसापासून त्याचा दुस्वास करू लागलो. लपवायचं कशाला?

मी निकोलस, बाळकुमचा. आमच्या ख्रिस्ती वस्तीत युनिव्हर्सिटीच्या मॅट्रिकला बसणारा पहिलाच मी. चर्चमधून बाहेर पडलो की म्हाताऱ्या बोट दाखवून म्हणायच्या, "ह्यो आपला युनिवर्शिटीवाला." हेडमास्तर अवघड प्रश्न विचारायचे ते माझ्याकडे बघून. नाथा आल्यावर पंधरा दिवसांत ते त्याच्याकडे बघून विचारू लागले. एवढ्याशाने माणूस जळतो का? जळतो. ज्याची पहिली जागा कधी गेली नाही त्याला हे समजायचं नाही.

एकदा मी साळसूदपणे विचारलं, "सर, याला ना गाव राहिलं, ना घर. युनिव्हर्सिटी याला परीक्षेला घेईल?"

हेडमास्तर हसले. "निकोलस, उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो. नंबराला कोण विचारणार, बाबा रे, तू कुठल्या दुष्काळातला?"

वर्ग हसला. नाथा हसला नाही, तो लिहून घेत होता. त्याचं ते लिहून घेणंसुद्धा मला सहन होईना.

तो शाळेच्या ओसरीवर झोपायचा. जेवणाचं काय? गरीब ब्राह्मणांची मुलं वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. हेडमास्तरांनी तीच रीत या माळ्याच्या पोरासाठी चालवली आणि आसपासच्या शेतकऱ्यांकडे, मिठागरवाल्यांकडे स्वतः जाऊन सहा घरं मिळवली. सातवं काही मिळेना. रविवारी नाथा पाणी पिऊन पडून राहायचा.

हे माझ्या मायला कळलं आणि तिने त्याला रविवारी परसात बोलावलं. त्याच्यासाठी नवं मडकं आणलं, मासळीचा हात न लावता पेज शिजवली. तरी ख्रिस्तावाच्या घरचं ते ख्रिस्तावाच्या घरचंच. त्या काळी हे कुणाला कळतं तर त्याची जात गेली असती. नाथा पहिल्या रविवारी मडक्याकडे बराच वेळ बघत बसला. मग जेवला. माय म्हणाली, "कोनाला बोलायचा नाय हां, निकोलस." मी मान हलवली.

पुढचे चार-पाच महिने मी रविवारची चर्चमधली मिस आटोपून घरी येई, तर माझ्या मायच्या समोर हा बसलेला. ती त्याला पंख्याने वारा घाली. मला कधी घातला होता? आठवेना. माझी पहिली जागा शाळेतून गेलीच होती, आता घरातूनही चालली, असं मला वाटू लागलं.

मॅट्रिकची परीक्षा दोन महिन्यांवर होती. शाळेच्या चाचणीत नाथा पहिला आला, मी तिसरा. त्याच संध्याकाळी मी काळुरामच्या मिठागरावर गेलो. काळुरामकडे नाथाचा गुरुवार असायचा. मी मिठाच्या भावाचं विचारलं, त्याच्या बैलांची चौकशी केली आणि निघता निघता म्हणालो, "काका, नाथा परवा आमच्याकडं जेवायला आलेला. पोटभर जेवला हां."

काळुराम माझ्याकडे वळला. "तुमच्याकडं? कवापासून?"

"दर रविवारी येतो ना," मी म्हणालो आणि घरी आलो. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगून टाकतो.

गुरुवारी काळुरामने नाथाला अंगणातूनच परत पाठवलं. आठवड्यात सहाही घरं बंद झाली. बातमी दुष्काळी कामावरच्या सोलापूरकरांत पोचली. तिकडे पाऊस झाल्याचं कळून ते परत निघाले होते. त्यांनी बायजाला सांगितलं, "तू चल. पोरगा न्हाई." शेत पडीक राहिलं तर भाऊबंद गिळतील, म्हणून ती गेली. नाथा शीळफाट्यापर्यंत त्यांच्या मागे मागे चालत गेला. त्याला कुणी जवळ येऊ दिलं नाही.

मला वाटलं, आता संपलं. पण त्याच दिवशी माय शाळेत गेली आणि त्याची घोंगडी उचलून आमच्या घरी घेऊन आली. "आता सातय दिवस इथंच जेव," म्हणाली. मी गेलो होतो त्याला शाळेतून घालवायला, आणि तो माझ्या शेजारी दिव्याखाली येऊन बसला! माय मासळीचा मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढायची. मी शेपटी चघळत भूमिती पाठ करायचो.

निकाल लागला. नाथा पास, मी गणितात नापास. मुंबईच्या कॉलेजाने त्याला फी माफ केली, राहायला खोलीही दिली. घर कुठलं या रकान्यात त्याने बाळकुम लिहिलं होतं. कुणी हरकत घेतली नाही.

त्याला स्टेशनवर पोचवायला मायने मलाच पाठवलं. वाटेत सांगावं असं दहादा वाटलं. गाडी हलली, तो हात हलवत राहिला, आणि मीही नुसता हात हलवला.

घरी आलो तर माय विळीवर बसली होती. वर न बघता म्हणाली, "सांगितलास त्याला?"

"काय?"

"काळुरामकडं बोलून आलेलास ते. त्याची बायको मला तवाच बोलली."

ते दोन महिने मला वाटत होतं, ती त्याला माझ्याहून जास्त जीव लावते म्हणून घरी ठेवते. ती माझं निस्तरत होती.

"पत्र लिव," ती म्हणाली. "तवर माझ्या चुलीवरचा तुला नाय."

मी लिहिलं, सगळं लिहिलं. उत्तर आठ दिवसांनी आलं, पण मायच्या नावावर. तिला अक्षर येत नव्हतं. फोडून मीच वाचायचं होतं.

"मावशी, निकोलसचं पत्र मिळालं. सुट्टीत तुम्हाला भेटायला येईन. त्या दिवशी त्याला घरी थांबू देऊ नका. पोरगा बाटला म्हणून गावात माझ्या आईला अजून कुणी पाणी देत नाही."

माय म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.