पहिली ओळ माझी होती

याकोबबुवा गेल्याचं लोकांना मला दोनदा सांगावं लागलं. सकाळी त्यांचे मेहुणे सांगून गेले, मी डोळे पुसत "येतोच" म्हणालो, असं ते सांगतात. दुपारी मात्र मी नेहमीसारखा ओटा झाडून, तांब्याभर पाणी भरून बुवांची वाट पाहत बसलो होतो. मेहुणे पुन्हा आले आणि मला पाहून थबकले. "मास्तर, अजून हितंच? माती द्यायची वेळ झाली की." कुणाला माती, असं मी विचारणार होतो... त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गुपचूप वहाणा शोधायला लागलो. ही लाज सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढची सांगायला बळ येईल.

शेवगावच्या अलीकडे आमचं गाव. चर्चच्या मागे आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं. बुवा मिशनचे उपदेशक आणि मी शाळेत मास्तर. दोघंही निवृत्त झालेले. आमच्याकडे चर्चमध्येही कीर्तन होतं, झांज, पेटी, पदं, सगळं असतं. आणि बुवांचं कीर्तन म्हटलं की लांबून बैलगाड्या यायच्या. त्यांनी स्वतः रचलेलं दुष्काळाचं एक आख्यान होतं. घरात मूठभर बियाणं गाडग्यात जपून ठेवणारी, उपाशी लेकरांनाही त्याला हात लावू न देणारी एक आई. ती जाते, आणि पाऊस आल्यावर लेकरं तेच बियाणं पेरतात. हे आख्यान त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. मी फार मागे लागलो तेव्हा म्हणाले, "कागदावर ठिवलं की मानूस निर्धास्त हुतो, मास्तर. आन् निर्धास्त झाला की डोकं झोपी जातं." त्यामुळे ते आख्यान दोनच डोक्यांत होतं. एक त्यांचं, दुसरं माझं. कारण त्यांच्या मागे झांज घेऊन मी उभा असायचो. आमची रीत ठरलेली होती. निरूपणाचं शेवटचं वाक्य त्यांचं, पदाची पहिली ओळ माझी. मी पद उचललं की बुवांना घटकाभर दम खायला मिळायचा.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी, पिकाच्या अर्पणाच्या रविवारी, हे कीर्तन ठरलं. गॅसबत्तीला रॉकेल मिळत नव्हतं म्हणून भर दुपारी, चिंचेखाली. बुवा रंगात आले होते. लेकरं गाडग्याकडे बघतायत, आई गाडगं उचलून फळीवर ठेवते, एवढं सांगून ते थांबले. इथे मी म्हणायचं होतं, "गाडग्यात दाणे, चुलीला ना धूर, माय ठेवी दूर लेकरांना." हे पद आणि शेवटचं पेरणीचं पद, दोन्हींची चाल एकच. माझ्या तोंडून निघालं, "आईविना आज चालली पाभर, ओल्या मातीवर तिचा हात." आख्यानातली आई अजून जिवंत होती, समोर उभी होती, आणि मी ती गेल्यानंतरची पेरणी सुरू केली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बुवांनी मागे वळून पाहिलं. रागानं नव्हे... एखाद्याला ठेच लागली की आपण पाहतो, तसं. मग लोकांकडे वळून त्यांनी हात जोडले. "मंडळी, मी म्हातारा इसरलो. कथा पुढं-मागं झाली. माफी करा." कुणीतरी हसून म्हणालं, "बुवा, आता नातवंडं खेळवा!" बुवाही हसले. मी झांज वाजवत राहिलो.

आठवड्याभरानं पाळकसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "मास्तर, तुम्ही त्यांच्या सर्वांत जवळचे. खरंच विसरायला लागलेत का हो?" खरं बोलायला तेवढीच एक संधी होती. पण उतारवयात एकट्या विधुर माणसाजवळ पाठांतराशिवाय दुसरं असतं काय? शाळेतली पोरं अजूनही मला 'पाठ मास्तर' म्हणत, सगळं पाठ असलेला मास्तर. मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं." एवढंच. पुढच्या सणाला नगरहून गायनाची मंडळी बोलावली गेली. बुवांना त्यानंतर कुणी कीर्तनाला विचारलं नाही.

आणि त्यानंतरच बुवा रोज दुपारी माझ्याकडे यायला लागले. पहिल्या दिवशी ओट्याच्या पायरीवर बसले, पागोटं मांडीवर ठेवून लाकडी खांबाला डोकं टेकलं आणि म्हणाले, "लोक म्हनत्यात माझं डोकं गंजलं. तुमी माझं पाठांतर घ्या, मास्तर. मी एक ओळ म्हनतो, पुढची तुमी म्हना. मला आठवंल तरी." मला मनातून बरं वाटलं, हेही कबूल करतो. वाटलं, निदान असं तरी फेडतोय. ते ओळ टाकायचे, मी पुढची द्यायचो. माझी अडली तर ते कधीच सांगायचे नाहीत. मांडीवरचं पागोटं उलगडून पुन्हा बांधायला घ्यायचे, नाहीतर रस्त्यावरच्या शेळ्यांकडे बघत बसायचे. ओळ मला सापडली की मांडीवर थाप मारायचे, "व्हय व्हय, आता आठवलं मला!" पाठ झालं की दुसरं काहीतरी काढायचे. सकाळी कालवण कसलं होतं? बाजारातून येताना कोण भेटलं? तुमच्या पहिल्या वर्गातली पोरं सांगा बरं, बाकावर बसायची तशी. मी सांगायचो. गावांसकट सांगायचो. माझ्या वर्गातल्या पोरांची नावं बुवांना कशाला पाठ करायची होती, एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

थंडीत तापाचं निमित्त झालं आणि बुवा गेले. शोकसभेत पाळकसाहेब चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "अखेरच्या काळात स्मरणशक्तीनं त्यांची साथ सोडली." सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली असेल. बाहेर आल्यावर बुवांच्या पत्नी, सगुणाबाई, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुमी बी गप?"

मी खाली पाहिलं.

"मी भाकरी थापायची, आन् ते चुलीम्होरं बसून समदं आख्यान म्हनायचे. रोज. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई."

"मग माझ्याकडे..."

"तुमच्यासाठी येत हुते! म्हनायचे, मास्तर एकटा हाय, इसरायला लागलाय. तसं तोंडावर सांगितलं तर खचंल. माझं नाव घेतलं तर रोज बसंल बापडा." पदर तोंडाला लावून त्या निघून गेल्या.

म्हणून हे लिहितोय. बुवा शेवटपर्यंत काहीही विसरले नव्हते. त्या दुपारी चिंचेखाली विसरलो तो मी. पाळकसाहेबांना हा मजकूर आधी वाचून दाखवला.  आता ते आख्यान एकाच डोक्यात उरलंय, आणि ते डोकं हे असं.

खांबावर बुवांच्या डोक्याच्या तेलाचा काळसर डाग पडलाय. दुपारी मी त्याच्यासमोर बसतो. आता ओळ टाकायची मीच आणि पुढची द्यायचीही मीच. काल म्हणालो, "गाडग्यात दाणे, चुलीला ना धूर..." आणि पुढची ओळ येईना. शेळ्या येऊन गेल्या. तांब्यातलं पाणी ऊन लागून कोमट झालं. कुणी सांगणार नव्हतं. बुवांनीही सांगितलं नसतं. मी बसून राहिलो. मग, उन्हं ओट्यावरून उतरता उतरता, आली. "माय ठेवी दूर लेकरांना."

मी डागाकडे पाहून मोठ्यानं म्हणालो, "व्हय बुवा. आता आठवलं मला."