कठड्यावरचा तिसरा हात

फिनलंडमधल्या वार्काउस गावात इल्पो रेइनिक्का एकोणचाळीस वर्षं कवळ्या बनवत होता. या धंद्यात माणूस दिवसभर दुसऱ्याच्या तोंडाचा विचार करतो आणि स्वतःचं तोंड फारसं उघडत नाही. इल्पोला ते सोयीचं होतं. गावात त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जात. एक, त्याने केलेली कवळी कधी हिरडीला टोचत नाही. दुसरी, त्याला भयपटांचं वेड आहे. पहिली गोष्ट लोक कौतुकाने सांगत; दुसरी आवाज उतरवून.

वेड म्हटलं तरी त्यात शिस्त होती. दर जानेवारीत तो चार पानांचं एक पत्रक टाइप करी, वाचनालयातल्या यंत्रावर त्याच्या प्रती काढी आणि वर्गणीदारांना टपालाने पाठवी. भरभराटीच्या काळात वर्गणीदार त्रेसष्ट होते, अलीकडे नऊ उरले होते, आणि त्यांतल्या एकाचं निधन झाल्याचं त्याच्या बायकोने अजून कळवलेलं नव्हतं. शेवटच्या पानावर इल्पोचे स्वतःचे आवडते दहा भयपट असत, क्रमवारीने, प्रत्येकापुढे एक ओळ. दोन ते दहा हे क्रमांक दरवर्षी खालीवर होत. ‘यात भूत नाही, पण ते नाही हे कळेपर्यंत सगळे मेलेले असतात,’ असा शेरा असलेला एक नॉर्वेजियन चित्रपट वर्षानुवर्षं चौथ्या आणि सातव्या जागेत येरझाऱ्या घालत होता. ऐंशी मिनिटं एका घरातून रोज एक खुर्ची नाहीशी होते, एवढंच कथानक असलेला एक बेल्जियन चित्रपट सहसा तिसरा असे.

पहिली जागा मात्र कधी हलली नाही. तिथे ‘मीठवाल्याची विधवा’ हा इटालियन चित्रपट होता. दिग्दर्शक कोण हे इटलीतही फारसं कुणाला आठवत नसावं.

तो इल्पोकडे आला १९८९च्या जूनमध्ये. त्या काळी फिनलंडमध्ये असल्या चित्रपटांच्या व्हिडिओ टेपा विकायला बंदी होती, म्हणून त्या हॉलंडहून टपालाने येत. रॉटरडॅमला योप नावाचा एक सज्जन होता. तो प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला दहा मिनिटं ट्यूलिपच्या लागवडीची माहिती भरी. जकात अधिकाऱ्याने टेप लावून बघितलीच, तर कंटाळून ती बंद करावी, हा हेतू. त्यामुळे त्या पिढीच्या फिनिश भयपटप्रेमींना कंद जमिनीत किती खोल लावावा हे तोंडपाठ होतं. टेप आली की एकाने बघायची, तिची प्रत काढायची, पुढच्याला धाडायची. प्रतीची प्रत, तिची प्रत, असं करत इल्पोपर्यंत पोचेतो चित्रपट इतका काळवंडलेला असे, की दिवसाउजेडीचा प्रसंगही तळघरात घडतोय असं वाटे. कुणाची तक्रार नव्हती. अंधार फुकटात मिळत होता.

बाहेर मात्र अंधाराची टंचाई होती. जूनमध्ये तिकडे सूर्य मावळायचं मनावर घेत नाही. म्हणून इल्पोचा मित्र क्यॉस्ती, कागद गिरणीतला वायरमन, घरून सैन्यातलं जुनं ब्लँकेट घेऊन आला आणि त्याने ते दिवाणखान्याच्या खिडकीवर खिळ्यांनी ठोकलं.

“चौकटीला भोकं पडतील,” इल्पोची बायको सिर्का स्वयंपाकघरातून म्हणाली.

“वहिनी, सप्टेंबरात बुजवतो.”

“गेल्या वर्षीची बुजवलीस का आधी?”

बावन्नाव्या मिनिटाला ती विधवा जिना उतरते. एका हातात दिवा, दुसरा हात कठड्यावर. ती अर्ध्यावर आलेली असताना तिच्या मागे, वरच्या अंधारात, कठड्यावर आणखी एक हात दिसतो. नुसता हात. मनगटाच्या मागे काही नाही. हात हलत नाही, तिला धरत नाही. ती उतरून जाते. पुढे चित्रपटात त्या हाताचा उल्लेख नाही, खुलासा नाही. जणू ज्यांनी चित्रपट काढला त्यांनाही तो तिथे असल्याचं माहीत नव्हतं.

इल्पोची मान थंड पडली. ही बोलण्याची पद्धत नव्हे. कानांच्या मागून पाठीपर्यंत कुणी ओलं फडकं ठेवावं, तशी.

“तुलाही दिसला?” त्याने विचारलं.

“ब्लँकेट काढ,” क्यॉस्ती म्हणाला. “आत्ताच्या आत्ता काढ, इल्पो.”

सिर्काला बोलावून तो प्रसंग पुन्हा लावण्यात आला. तिने हात पुसत पाहिलं. “हात आहे. मग?”

सहा वर्षांनी ती निघून गेली. तिकडे घटस्फोटाच्या अर्जावर कारण लिहायला जागाच नसते, त्यामुळे हे प्रकरण तिथे येण्याचा प्रश्न नव्हता.

पुढच्या जानेवारीत इल्पोने त्या हाताबद्दल दीड पान लिहिलं. चांगला चित्रपट घाबरवायला काहीतरी दाखवतो, थोर चित्रपट काहीतरी दाखवतो आणि दाखवलं हे विसरतो, असा त्याचा सिद्धांत होता. पत्रक पुढे स्वीडनला गेलं, डेन्मार्कला गेलं. त्या मंडळींत ‘रेइनिक्काचा हात’ असा शब्दच रूढ झाला. एरवी इल्पोचं नाव फक्त कवळीच्या डबीवर छापलेलं असे.

पण खरी गोष्ट कीर्तीची नव्हती. कुठल्याही शौकिनाचं होतं तेच इल्पोचं झालं; भीती वापरून वापरून झिजली. खुर्च्यांचा चित्रपट विझला, नॉर्वेजियन विझला. एकेक करून नऊ विझले. यादीत ते राहिले ते पेन्शनीत काढल्यासारखे. हात तेवढा उरला. म्हणून इल्पोने तो जपून वापरायचं ठरवलं: वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी. दर वेळी मान थंड पडे आणि मग तो समाधानाने कॉफी करी. तीन वर्षांपूर्वी यंत्राने टेप चावली, नेमकी त्याच जागी.

तेव्हापासून काहीच नाही. गिरणीतली माणसं कमी केली आणि निम्मं गिऱ्हाईक गाव सोडून गेलं, तरी काही नाही. डॉक्टरांनी त्याला बसवून घेऊन, आवाज मऊ करून एक गाठ दाखवली. ती निरुपद्रवी निघाली. पण ते कळेपर्यंतचे बारा दिवस इल्पो बाराही रात्री शांत झोपला, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं. न घाबरणं हे धैर्य असतं असा लोकांचा समज आहे. बहिऱ्याला शांतता मिळते, तितपतच ते खरं आहे.

अशात टाम्पेरेहून पत्र आलं. तिथल्या महोत्सवात ‘मीठवाल्याची विधवा’ दाखवणार होते, मूळ फिल्मवरून नव्याने स्वच्छ केलेली. रविवारी दुपारी एकचा खेळ. रेइनिक्का यांनी आधी पाच मिनिटं बोलावं.

त्याची मुलगी ओउती टाम्पेरेतच ट्राम चालवते. तिने फोनवर सांगितलं, “बाबा, त्यांच्याकडून आधी मागवून बघून घे. मग बोल.”

“आधी बघितलं तर तिथे काय बघू?”

“तेच. दुसऱ्यांदा.”

“दुसऱ्यांदा निम्मी होते.”

“काय निम्मी होते?”

चौसष्टाव्या वर्षी लेकीला ‘मला घाबरायचंय’ असं सांगणं अवघड असतं.

“बरं, येते मी पण,” ती म्हणाली. “पण पॉपकॉर्न घेणार. तू ‘श्श’ करायचं नाही.”

पिएक्समाकीला गाडी बदलून तो पोचला. थिएटरात दीडशे माणसं होती. बहुतेक जण त्याच्या टेपांपेक्षा वयाने लहान. पहिल्या रांगेत एक टक्कल पडलेला उंच म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने हात पसरले. तो योप होता. तेहतीस वर्षांच्या पत्रव्यवहारात दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

“ट्यूलिप कसे आहेत?” इल्पोने विचारलं.

“अरे, मला फुलांची ॲलर्जी आहे,” योप म्हणाला.

बोलताना इल्पो नेहमीपेक्षा खुलला. ब्लँकेटचं सांगितलं, लोक हसले. मग त्याने ते केलं, जे त्याने करायला नको होतं. तो म्हणाला, “बावन्नावं मिनिट. बाईकडे बघू नका. तिच्या मागे, डावीकडे, कठड्यावर बघा.”

चित्रपट सुरू झाला आणि इल्पोला कळेना की हा कुठला. विधवेचं घर निळं होतं. त्याच्या आयुष्यात ते घर कधी निळं नव्हतं. भिंतींवर वेलबुट्टी होती, तिच्या गालावर तीळ होता, खिडकीतून ऊन येत होतं. सगळं स्वच्छ, नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं.

बावन्नाव्या मिनिटाला ती जिन्यावर आली. दीडशे माणसांनी श्वास धरला. एवढं श्रेय इल्पोला द्यायला हवं. ती अर्ध्यावर आली. मागे निळी भिंत होती, कठडा होता, कठड्यावर दिव्याचा उजेड होता. ती उतरून गेली.

“कुठंय?” मागून कुणीतरी म्हणालं.

एक जण हसला. मग पुष्कळ हसले. वाईट हेतूने नाही. म्हाताऱ्याने छान फिरकी घेतली असंच त्यांना वाटलं. ओउतीने पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला आणि बापाच्या कोटाची बाही धरली.

“आत्ता येईल,” इल्पो पुटपुटला. “मिनिट चुकलं असेल.”

मिनिट चुकलेलं नव्हतं.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. चित्रपट ज्यांनी स्वच्छ केला त्यांच्यापैकी लोरेदाना नावाची एक तरुण बाई बोलोन्याहून आली होती. इल्पो उठला.

“जिन्यावर एक हात होता,” तो म्हणाला. “होता की नव्हता, तेवढं सांगा.”

“होता ना!” तिचा चेहरा उजळला. असा बारीक प्रश्न विचारणारा प्रेक्षक रोज भेटत नाही. “किती छान पाहिलंत तुम्ही! जिना प्लायवूडचा होता, नटी उतरताना डुलायचा. म्हणून सेटवरचा सुतार मागून कठडा धरून बसायचा. बिचाऱ्याचा हात आला चित्रात, अंधारात खपेल असं त्यांना वाटलं असेल. आम्ही फिल्मवरचे ओरखडे काढले, चिकटलेले केस काढले, तोही पुसला. तीन आठवडे गेले त्या एका प्रसंगाला. आता कळतसुद्धा नाही, हो की नाही?”

“नाही,” इल्पो म्हणाला. “कळत नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लोरेदानाला काहीतरी उमगलं असावं, कारण तिचं हसू मधेच थांबलं. पण पुढचा प्रश्न संगीताबद्दल होता.

बाहेर कॉफीच्या टेबलाशी योप कानकोंडा होऊन उभा होता.

“तुला ठाऊक होतं?” इल्पोने विचारलं.

“आमच्याकडची प्रत पहिल्या पिढीची रे. तिच्यात बाही दिसायची. दुमडलेली. मनगटावर घड्याळ.”

“आणि मी तुझ्याकडेच दीड पान लिहून पाठवलं.”

“आम्हाला वाटलं, तू थट्टा करतोयस. चेहरा न हलवता. तुम्ही फिनिश लोक तसेच म्हणून आम्ही ते मोठ्याने वाचायचो, दरवर्षी. पोट दुखेपर्यंत हसायचो.” योपने त्याच्याकडे नीट पाहिलं. “थट्टा नव्हती?”

“थट्टाच होती,” इल्पो म्हणाला.

ओउतीने त्याला ट्रामने स्टेशनवर सोडलं. रविवार तिच्या सुट्टीचा; चालवणारा दुसरा होता, तरी ती प्रत्येक वळणावर पाय दाबत होती.

“बाबा, हात होता तर खरा,” ती म्हणाली. “तुला भास नव्हता झाला. ते चांगलं नाही का?”

“भास झाला असता तर चाललं असतं. तो माझा तरी असता.”

गाडीत बसल्यावर त्याने क्यॉस्तीला फोन लावला. क्यॉस्ती गेलं वर्षभर वृद्धाश्रमात होता आणि त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती.

“दिसला का रे?”

“दिसला.”

“स्वच्छ?”

“अगदी स्वच्छ.”

“आणि मान?”

“बर्फ,” इल्पो म्हणाला.

क्यॉस्तीने नाकातली नळी सारखी केली. “माझ्या इथे हात धुवायच्या बेसिनजवळ एक कठडा आहे,” तो म्हणाला. “म्हाताऱ्यांनी पडू नये म्हणून. तुला सांगतो, मी रात्री तिकडे बघत नाही. नर्स हसते. हसू दे.”

इल्पोला आयुष्यात पहिल्यांदा क्यॉस्तीचा हेवा वाटला.

बुधवारी लोरेदानाचा ईमेल आला. तिला फार वाईट वाटत होतं. पुसलेला भाग त्यांनी जपून ठेवला होता. सोबत जोडला होता, सहा सेकंदांचा. इल्पोने तो जेवणाच्या सुट्टीत लावला, राय धान्याच्या पावाचा तुकडा हातात धरून, समोर अर्धवट झालेली वरची कवळी ठेवून.

हात होता. उजवा. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. अंगठ्याचं नख हातोडीने काळं पडलेलं. सगळ्यात ठळक दिसत होती ती बोटांची पेरं, दाबाने पांढरी झालेली. जिना कोसळणार आणि वरची बाई मरणार, याची त्या माणसाला पक्की खात्री असावी. त्या अख्ख्या चित्रपटात खरोखर घाबरलेला इसम तो एकटाच होता.

हे इल्पोच्या ध्यानात आलं. ध्यानात आलं, इतकंच.

त्याने ते सहा सेकंद पुन्हा लावले. दिवा मालवून लावले. डोळे किलकिले करून, पडद्याचा उजेड शेवटच्या खुणेपर्यंत उतरवून, चष्मा काढून लावले. हात मंद होत गेला, पण घड्याळ जाईना. एकदा पाहिलेलं घड्याळ अंधारातही दिसत राहतं.

चौदाव्या वेळेनंतर त्याने मानेवर तळवा ठेवून पाहिला. मान कोमट होती. साडेबाराला सुट्टी संपली, आणि त्याने कवळी पुन्हा घासायला घेतली.