शिंपल्यांनी जड झालेला दोर

फोन आला तेव्हा मी हॅमिल्टनच्या फार्मसीत एका आजोबांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावत होते. पलीकडून दादाची सहकारी अरोहा बोलत होती. तिनं 'किया ओरा' हा इथला नेहमीचा नमस्कार केला नाही, तिथंच मला कळलं. दादा पाण्यात पडला होता... सापडला, पण उशिरा. त्याला सात आठवडे झाले.

माझा हा थोरला भाऊ कोरोमंडलच्या किनाऱ्याजवळ, शिंपल्यांच्या शेतावर समुद्रशेवाळ वाढवायचा. पाण्यात दोर टांगलेले, एकावर शिंपले, शेजारच्यावर शेवाळ. शिंपल्यांची घाण शेवाळाला खत होते, म्हणून त्यांच्याजवळचं शेवाळ गर्द आणि दूरचं फिकट, हे तो जेवताना इतकं रंगवून सांगे की आमची जेवणं अर्धी राहायची. "मी माळी, ते माझं शेणखत," म्हणायचा. पण त्याच शिंपल्यांची तिळाएवढी पिल्लं शेवाळावरही येऊन बसतात. वेळीच खरवडली नाहीत तर ती वाढतात, दोर वजनानं खोल जातो आणि उजेडावाचून शेवाळ मरतं. दादाला त्याचीच धास्ती होती. शेताच्या मालकानं त्याच्या शेवाळाला जमून दाखवायला हा एकच हंगाम दिला होता.

इथं दक्षिण गोलार्धात श्रावण थंडीत येतो, नेमका शेवाळाच्या वाढीच्या दिवसांत. आमच्या घरी श्रावणात जीव मारत नाहीत. आई तर मुंग्यांनाही साखर घालायची. मीच दादाला फोनवर म्हटलं, आई गेल्यानंतरचा हा पहिला श्रावण आहे, महिनाभर ते खरवडणं थांबव.

तो म्हणाला, "बरं छोटे. पण दोर हेवी होईल गं."

"होऊ दे," मी म्हटलं.

त्यानं शब्द पाळला. श्रावण संपल्यावर, वारा सुटलेला असताना, अरोहा थांब म्हणत असताना तो दोर खरवडायला छोटी बोट घेऊन एकटाच गेला. दोर वर ओढताना बोट कलंडली असावी, असं सगळे म्हणतात. वाऱ्यात जायला नको होतं, असंही म्हणतात. मी मान डोलावते. मला भीती वाटते ती माझ्या त्या दोन शब्दांची... हे नवऱ्यालाही अजून सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी अरोहानं त्या दोराचा हातभर तुकडा कापून आणला, दादाची आठवण म्हणून. गॅरेजमध्ये बादलीत ठेवलाय. शेवाळ दिसतच नाही, नुसते काळे शिंपले. लेकीनं विचारलं, "आई, कॅन आय स्क्रेप देम ऑफ?" मी अशी ओरडले की ती घाबरून आत पळाली. मग मीच तो तुकडा उचलायला गेले. एका हातानं उचलेना, दोन्ही लावावे लागले. आणि हा फक्त हातभर आहे.