बहुमताने बसवलेलं हँडल

जशी विकत आणली तशीच राहिलेली एकही वस्तू आमच्या मावसोबांच्या घरात नाही. अपवाद फक्त मावशीचा, आणि तिच्यावरही चाळीस वर्षं प्रयत्न चालू आहेत. अंबडच्या त्या तीन खोल्यांत पंख्याचं बटण दाराबाहेर आहे, कारण माणूस खोलीत शिरण्याआधी वारा शिरला पाहिजे. घड्याळ गुडघ्याच्या उंचीवर आहे, कारण वेळ बघायला मान वर का करायची! खाटेची दिशा तर दर दोन महिन्यांनी बदलते. एकदा मी न कळवता मुक्कामाला गेले, दिवे गेलेले होते, सवयीने खाटेवर बसायला गेले आणि थेट फरशीवर बसले. मला उठवण्याआधी मावसोबांनी विचारलं, "किती दिवसांनी आलीस?" मी म्हटलं, तीन महिन्यांनी. "मंग चूक तुझी हाय," ते म्हणाले आणि चहा ठेवायला निघून गेले. चहाही ते उभ्यानेच पितात. पेपर चालत वाचतात. बसलेला माणूस हळूहळू व्यवस्थेला मान्य करत जातो, असं त्यांचं मत आहे. पुतणीच्या लग्नात तर त्यांनी मांडवातल्या सगळ्या खुर्च्या गोल मांडून घेतल्या होत्या. रांगा आल्या की पहिली रांग आली, आणि पहिली रांग आली की शेवटची आली, हे त्यांचं म्हणणं मला आजही शंभर टक्के पटतं. फक्त त्या दिवशी अर्ध्या वऱ्हाडाने नवरानवरीकडे पाठ करून लग्न लावलं, एवढंच.

शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात परीक्षानळ्या धुतल्या. निवृत्त झाल्यावर हे प्लॉट घेतील, असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांनी घेतली क्रूझर मोटारसायकल. लांब, बसकी, पाय पुढे सोडून ऐसपैस बसायची. पहिल्याच आठवड्यात तिचं हँडल त्यांच्या मनातून उतरलं. शोरूममध्ये बसून पाहिलं तेव्हा म्हणे कळलं नाही, पण रस्त्यावर ते हँडल माणसाला दोन बोटं पुढे वाकवत होतं. "माझ्या आज्यानं वाकून खडी फोडली, बापानं वाकून विहिरी खांदल्या. आता मी माझ्याच गाडीवर वाकून बसू? बिलकुल न्हाई!" आमच्या घरात अंगाईच्या आधी चळवळीची पत्रकं वाचली जात. बाराखडीसुद्धा मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गिरवलेली. असलं वाक्य ऐकलं की माझं रक्त उसळतं. मी टाळी वाजवली. मावशी कणीक मळता मळता एवढंच म्हणाली, "दोन बोटं तर वाकायलेत." पण क्रांतीच्या वेळी अशा आवाजांकडे लक्ष द्यायचं नसतं.

मेकॅनिककडे जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. "जी वस्तू आपल्याला उघडता येत न्हाई ती आपली न्हाई, आपण तिचे." म्हणून जालन्याहून बैलाच्या शिंगांसारखं उंच हँडल आलं आणि अंगणातल्या पत्र्याखाली गाडी उघडली गेली. प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते लिहिलेल्या कागदावर ओळीने मांडलेला. मी जवळ जाऊन बघते तर ते कागद म्हणजे आमच्या चळवळीची जुनी पत्रकं! मी भडकले. "मावसोबा, ह्याच्यासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या!" त्यांनी मान वर न करता पाना मागितला. "पत्रक काय कपाटात झोपायला छापतेत का? कामाला लागलं ना? उलटून बघ, मागच्या बाजूला 'क्लचचा बोल्ट' लिहिलंय. वाचणाऱ्याला दोन्हीकडून अक्कल आली पाहिजे." मी पाना त्यांच्या हातात आपटला.

हँडल उंच झालं, केबली मात्र जुन्या मापाच्याच राहिल्या. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की एक्सिलेटरची केबल ताणली जायची आणि गाडी आपोआप गरजायला लागायची. लांब केबली मागवेपर्यंत दहा दिवस मावसोबांनी डावीकडचं आखूड वळणच बंद केलं. बाजार त्यांच्या गल्लीतून डावीकडे, दोनशे पावलांवर. ते उजवीकडे निघायचे आणि सगळ्या अंबडला वेढा घालून कोथिंबीर आणायचे.

या सगळ्याहून भारी म्हणजे त्यांची ठरावाची पद्धत. त्या घरात वहीत ठराव लिहिल्याशिवाय काही बदलत नाही. पंख्याचं बटण, खाटेची दिशा, आमटीतलं तिखट, सगळं बहुमताने. गेल्या हिवाळ्यात त्यांनी तिसरं हँडल आणलं. या वेळचं होतं मधल्या उंचीचं. ते कोणत्या कोनात आवळायचं यावर सभा भरली. सभासद चार: मावसोबा, मावशी, मी आणि शेजारचे पाटील. पाटील जुने शेतकरी, सव्वासहा फूट उंच, आणि ठरावाच्या वेळी न चुकता हजर. ते गाडीवर बसले आणि म्हणाले, "वर पाहिजे." मावशी बसली, तिचे हात मुठींपर्यंत पोचेनात. ती म्हणाली, "खाली घ्या." मी मधलं सांगितलं. मग मी वळून म्हटलं, "मावसोबा, तुम्ही बसा." त्यांनी वही छातीशी धरली. "अध्यक्ष तटस्थ."

मला खरंच वाटलं, माझे कान बिघडले. तटस्थ माणूस म्हणजे दोन्हीकडून जेवून उठणारा, असं ज्याने मला शिकवलं तो तटस्थ? "गाडी तुमची, हात तुमचे, आणि मत न्हाई?" मी ओरडले. "सभेचे नियम पाळ, पोरी," एवढंच ते म्हणाले. शेवटी मावशीच्या शिलाईच्या टेपने तिघांची मापं घेतली, सरासरी काढली आणि हँडल आवळलं. म्हणजे ज्या तिघांना ती गाडी कधीच चालवायची नव्हती, त्या तिघांच्या हातांना ते अगदी बराबर बसलं.

पुढच्या रविवारी ते आष्टीला निघाले. तिथे एका खोलीत ते दर रविवारी बायांचा वाचनवर्ग घेतात. आठवडाभर मजुरी करून आलेल्या बाया, बहुतेक चाळिशीच्या पुढच्या, अक्षरं जुळवत वर्तमानपत्र वाचतात. खोलीची किल्ली मावसोबांकडे. सकाळी निघालेले मावसोबा वीस मिनिटांत परत आले. "हँडल बराबर न्हाई." पुढच्या रविवारी, "रस्ता खराब हाय." त्याच्या पुढच्या रविवारी गाडी बाहेर निघालीच नाही. खोली तीन आठवडे बंद राहिली. मी पेटले. चूल सोडून, मालकाशी भांडून येणाऱ्या त्या बाया कुलपाकडे बघून परत जातात आणि हा माणूस हँडलचे कोन मोजतोय! तावातावाने बोलायला मी गेले, तर मावशीने मला स्वयंपाकघरातच अडवलं.

"हळू बोल. डावा हात उचलत न्हाई त्यांचा. दोन महिने झाले. सदरा मी घालून देते. वरच्या फळीवरचा डबा मी काढते. त्या दिवशी सभेत गाडीवर बसले असते तर तुमच्या सगळ्यांसमोर कळलं असतं."

मी दारात आले. बाहेर मावसोबा एकच बोल्ट सैल करून पुन्हा आवळत होते. मी जाऊन म्हटलं, "मी चालवते, तुम्ही मागं बसा. न्हाईतर एसटीनं जाऊ." ते चिडले. "तिथं बायांना मी काय सांगतो? दुसऱ्यानं वाचून दाखवलेल्यावर अंगठा देऊ नका म्हणतो. अन् मी कुणाच्या तरी पाठीमागं बसून जाऊ?" मग हलक्या आवाजात म्हणाले, "एकदा मागं बसलो ना, की पुन्हा पुढं कुणी बसू देत न्हाई."

तेवढ्यात मावशी ओले हात पदराला पुसत बाहेर आली. चाळीस वर्षांत तिने पहिल्यांदाच ठराव मांडला. "गाडीवर बसा. डोळे मिटा. हात आपोआप जिथं येतील तिथं हँडल आणायचं. दुसऱ्या कुणाचं माप न्हाई." आवाज ऐकून आलेले पाटील कुंपणापलीकडून म्हणाले, "अनुमोदन." मावसोबा बसले. डोळे मिटले. हात सोडले. ते आमच्या तिघांच्या मतांपेक्षा कितीतरी खाली, जवळजवळ मांड्यांपाशी येऊन थांबले. पाटील घसा खाकरून म्हणाले, "जुन्या सायकलीचं हँडल असंच असायचं. लई आरामाचं." जालन्याहून मागे वळलेलं, लांब दांड्यांचं हँडल आणलं. या वेळी सगळे बोल्ट मी आवळले, आणि कुठल्या कागदावर काय ठेवलंय तेही बघितलं नाही. रविवारी ते आष्टीला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा अंगावर धूळ होती आणि तोंडात एका बाईचं कौतुक. तिने म्हणे 'जिल्हाधिकारी' हा शब्द न अडखळता वाचला होता.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी जाते. ते बसतात, डोळे मिटतात, हात सोडतात, ते दर वेळी आणखी थोडे खाली येऊन थांबतात, आणि मी हँडल किंचित मागे, किंचित खाली घेते. वहीत आता काही लिहीत नाहीत. परवा बघितलं तर हँडल वळवल्यावर मूठ आणि पेट्रोलची टाकी यांच्यात दोन बोटांची जागा उरलेली. मी तिथे बोटं घालून बघत होते, ते त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता गप्प बसतील. पण गप्प बसतील तर ते मावसोबा कसले! चहाचा कप उजव्या हातात, उभेच. टाकीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "ह्याच्याहून अरुंद टाकी मिळती का, जालन्यात विचारून ठेव."

"ठेवते," मी म्हटलं, आणि हँडल त्यांच्याकडे अजून थोडं ओढून घेतलं.