बहिणीच्या हळदीचा डीजे

बहिणीच्या हळदीला डीजे लावायचा हट्ट माझाच होता. डहाणूत नोकरीला लागल्यापासून पाड्यावर आपल्याही घरी काहीतरी दणक्यात व्हावं असं वाटायचं. तलासरीहून दुपारी टेम्पो आला, अंगणात बॉक्स रचले गेले आणि पहिल्याच गाण्याला घराचे पत्रे थरथरले.

थोड्याच वेळात शेजारची वहिनी महिन्याभराचं बाळ छातीशी धरून आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊजी, बाळ दचकतंय. जरा वेळ थांबवता का? झोपलं की त्याला पलीकडे आत्याकडे नेते."

मी डीजेवाल्याला हात केला. एकदम शांत झालं. नाचणारी पोरं माझ्यावर वैतागली आणि मला कुठे बघावं ते कळेना.

त्या शांततेत आई बहिणीच्या गालाला हळद लावता लावता गाऊ लागली. सासरी निघालेल्या मुलीचं गाणं होतं. मावश्यांनी सूर धरला. डीजेवाला माइक घेऊन धावला, "काकी, यात गा ना." आईने तो हातानेच बाजूला सारला.

आईला इतकी गाणी येतात हे मला तिसाव्या वर्षी कळलं. लहानपणी ती गायलीही असेल, मीच कधी लक्ष दिलं नसेल.

अर्ध्या तासाने बाळ झोपलं, वहिनी त्याला आत्याकडे घेऊन गेली, डीजे पुन्हा सुरू झाला आणि मीही मनसोक्त नाचलो. मधेच बहिणीकडे पाहिलं, तर त्या दणदणाटात ती आईच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून, गाण्याचं पुढचं कडवं विचारत होती.