आधी घेतलेली बक्षिसी

मढच्या बंगल्यांत सुट्टीला येणाऱ्या लोकांना होडीतून फिरवून आणायचं, हा हरेश्वरचा धंदा तसा उशिरा सुरू झाला. त्याला तो मनापासून कधी आवडला नाही. मासे बोलत नाहीत, ही माशांची केवढी सोय! पाहुणे होडी हलली की किंचाळत आणि थांबली की कंटाळत. पण मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी समुद्र खरवडून नेल्यावर जाळ्यात यायचं काय? घरी बायको कमळ आणि दोन मुली. तेव्हा मेहुण्याला, म्हणजे कमळच्या भावाला, चंदरला सोबत घेऊन तो सुट्टीवाल्यांचा नाखवा झाला.

खाडीपार माणसं ने-आण करण्यात जन्म घालवलेल्या बापाचा एक नियम मात्र त्यानं सोडला नव्हता. बक्षिसी होडीत घ्यायची नाही. पाहुण्याचे दोन्ही पाय वाळूला लागले, की मग. त्यानं खिशात हात घातला तर घ्यायची, नाही घातला तर हसून निरोप द्यायचा. आणि वाटे तिथंच, सगळ्यांदेखत. त्यात एक वाटा होडीचाही असे, कारण राबते तीही. माणूस पाण्यावर आहे तोवर त्याच्या बक्षिसीला शिवायचं नाही, एवढं बापानं सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. बापमाणसं कारणं देत बसत नाहीत.

हा नियम हरेश्वरनं एकदाच मोडला. चौऱ्याऐंशी सालच्या माघात, वद्य षष्ठीला.

त्या सकाळी आलेला पाहुणा एकटाच होता. श्यामसुंदर नाव, राहणार मुलुंडचा. आखातात एका तेल कंपनीकडे पाण्याखालच्या दुरुस्तीची कामं करायचा आणि दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. पाठीवर हवेचं नळकांडं, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा. परक्या समुद्रांच्या तळाशी इतकी वर्षं घालवली, आपला समुद्र आतून कसा दिसतो ते एकदा बघायचंय, म्हणाला.

"चिखल दिसंल सायेब," चंदर म्हणाला. "त्याला पैसे कशाला घालवताय?"

श्यामसुंदर मोकळेपणानं हसला. खाडीबाहेरच्या खडपापाशी, पाण्यातल्या त्या खडकांपाशी, होडी नांगरल्यावर त्यानं शंभराची नोट काढून हरेश्वरपुढं धरली.

"भाडं परत गेल्यावर देतो. ही बक्षिसी. तिकडं बोटीवरच्या लोकांना शेवटी द्यायची पद्धत आहे, पण मी आपली आधीच देतो."

"आमच्यात होडीत नाय घेत," हरेश्वर म्हणाला.

"घ्या हो. वर कुणीतरी खूश असलं की खाली बरं वाटतं."

हरेश्वरनं चंदरकडं पाहिलं. त्या संध्याकाळी चंदरच्या घरी धाकट्या बहिणीची हळद होती आणि दारूचा बंदोबस्त अजून व्हायचा होता. चंदरचे डोळे नोटेवरून हलेनात. हरेश्वरनं नोट घेतली.

"तासाभरात वर येतो," श्यामसुंदर म्हणाला. "लांब निघालो तर शिट्टी मारीन." गळ्यातली पिवळी शिट्टी त्यानं वाजवून दाखवली आणि पाठमोरा पाण्यात गेला.

पहिली वीस मिनिटं दोघं बुडबुडे बघत बसले. मग बुडबुडे खडपाच्या पलीकडं गेले. पाणी ओसरत होतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटी पुरती लागली की त्यावरून होडी आत जात नाही, थेट दुपारच्या भरतीपर्यंत बाहेर ताटकळायचं. चंदर घड्याळ बघू लागला.

"भाओजी, डिझेल बी कमी हाय. आत जाऊन भरून आणू. तवर तो काय बाहेर येत नाय."

डिझेल पुरेसं होतं. एकदा आत गेलो की दांडा आपल्याला दुपारपर्यंत परत बाहेर येऊ देणार नाही, हे तर दोघांनाही पक्कं माहीत होतं. तरी हरेश्वरनं नांगर उचलला. तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

दुपारी भरतीबरोबर, शोधायला चार होड्या घेऊन तो परतला. खडपापाशी नुसतं पाणी. पोलिसांना दोघांनी सांगितलं, दीड तास वाट पाहिली, मग डिझेल संपत आलं म्हणून आत आलो. संध्याकाळची हळद काही टळली नाही. त्या शंभराची दारू आली, कोळीवाड्यातले लोक ती पिऊन नाचले आणि हरेश्वर भिंतीला टेकून बघत राहिला.

चौथ्या दिवशी मनोरीच्या बाजूला प्रेत लागलं. पाठीवर नळकांडं नव्हतं, कमरेचा पट्टाही नव्हता. पोलिसांनी बुडून मृत्यू लिहिलं आणि कागद बंद केले. पण हरेश्वर दर्यावरचा माणूस. वजनं कोण सोडतं, हे त्याला कुणी समजवायला नको होतं. ज्याला वर तरंगत राहायचंय, तो. श्यामसुंदर वर आला होता. वर येऊन त्यानं होडी शोधली होती.

तेव्हापासून हरेश्वरच्या कानात शिट्टी वाजू लागली. भर उन्हात, मशीनच्या धडधडीत. तो मशीन बंद करी, कान देई. पाहुणे विचारत, काय झालं? काही नाही. होडीत पाच माणसं बसली तर तो सहा मोजी, पुन्हा मोजी, पुन्हा सहा. बक्षिसी तर त्यानं सोडलीच. वाळूवर उतरलेला पाहुणा नोट पुढं करी आणि हा भूत बघितल्यासारखा मागं सरके. वाड्यातले म्हणत, हरेश्वर साधू झाला. कमळ चिडायची, मग रडायची. तिला त्यानं काही सांगितलं नव्हतं. चंदर तर तो विषय निघाला की उठूनच जायचा.

वर्षानं, त्याच तिथीला, सकाळीच एक बाई किनाऱ्यावर आली. हातात नारळ आणि फुलांची पुडी.

"हरेश्वर तुम्हीच ना? पोलिसांच्या कागदात नाव वाचलं. मी मृणालिनी. श्यामसुंदर माझे मिस्टर. वर्षश्राद्ध आहे. त्या जागी न्याल मला?"

चंदर मागं सरकला. हरेश्वरला वाटलं, पळावं. आणि त्याच वेळी वाटलं, एकदाचं हिला सगळं सांगून मोकळं व्हावं, मग ती काय करायचं ते करो. त्यानं होडी काढली. तिथी तीच, म्हणून पाणीही तेच होतं, तसंच ओसरत चाललेलं.

खडपापाशी तिनं नारळ सोडला, फुलं सोडली. मग पाण्याकडं बघत म्हणाली, "त्यांनी तुम्हाला बक्षिसी आधीच दिली असेल ना? सगळीकडं तसंच करायचे. म्हणायचे, शेवटी दिली तर माणसं पैशासाठी थांबतात. आधी दिली, की आपल्यासाठी थांबतात."

हरेश्वर नांगराचा दोर उगाच गुंडाळू लागला.

"किती वेळ थांबलात?"

"पोलिसांना सांगितला ना, दीड..." चंदर घाईनं म्हणाला.

"चाळीस मिनिटं," हरेश्वर म्हणाला. "पैसे मिळाले होते. घरी हळद होती. डिझेल व्हता बाय, आमी खोटा बोललो. तुमचा मानूस वर आला व्हता. आमी नव्हतो."

तिचा चेहरा रागानं थरथरला, आणि तो राग बघून हरेश्वरला बरं वाटलं. वर्षभरात त्याच्यावर कुणी रागावलंच नव्हतं.

"तासाभरात येतो म्हणाले होते ना?" ती म्हणाली. "मग आज तासभर थांबा."

हरेश्वरनं मान हलवली. दांड्यावरचं पाणी उतरत गेलं, वाळू वर दिसू लागली. चंदर गुडघ्यांत डोकं घालून बसला. तिनं मनगटावरचं घड्याळ मांडीवर काढून ठेवलं होतं. काटा फिरून आला तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं.

"झाला तास. चला आता."

"आणखी थोडा थांबू, बाय."

तिला वाटलं, ओहोटीमुळं म्हणतोय. पण हरेश्वर खाडीकडं बघतच नव्हता. तो होडीच्या काठावर ओणवा झाला होता आणि त्याची नजर खडपाच्या पलीकडच्या पाण्यावर गच्च बसली होती. तिचा राग कुठल्या कुठं गेला आणि तिला त्याची भीती वाटली.

"हरेश्वर," ती हळू म्हणाली, "ते आता यायचे नाहीत हो."

"म्हाईत हाय," तो म्हणाला, आणि तिथून हलला नाही.